देव पाण्यात

देव अजून पाण्यातच होते. न्हाणीतून बाहेर येता येता त्रिवेणीने नजर टाकली आणि तिला पुन्हा गुदमरल्यासारखं झालं. तांब्याच्या घंगाळात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक आणि शाळिग्राम तळाला जाऊन बसले होते. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे निरांजन तेवढं जळत होतं. आई पाटावर बसून पाण्यावर तुळशीचं पान सोडत होती.

पोर्ट ब्लेअरला नोकरी लागल्याचं कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने देव पाण्यात ठेवले. समुद्रातल्या जिवांवर काम करायचं होतं. त्रिवेणीचं हे शाळेपासूनचं वेड. दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवताना ती मुलांना फळ्यावर माशांचे कल्ले काढून दाखवायची. खरा समुद्र तिने सहलीपुरता पाहिलेला. हो की नाही, ते आज कळवायचं होतं. आणि बाबा गेल्यापासून कोठी मोहल्ल्यातल्या या घरात राहणाऱ्या दोघीच.

जाऊ नकोस असं आई म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. पण आई काही म्हणेचना. देव कशासाठी पाण्यात ठेवलेत ते सांगायचं नसतं, एवढं बोलून ती भाजी चिरायला बसली. सांगायची गरज होतीच कुठे? या घरातले देव याआधी एकदाच पाण्यात गेले होते. लग्नानंतर आईला नांदेडच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा आजीने याच घंगाळात देव बुडवले आणि अन्न सोडलं. संध्याकाळी आई नाही म्हणाली. देव बाहेर आले, शिरा झाला. आजीच्या भक्तीची गोष्ट म्हणून पाहुण्यांना हे मोठ्या कौतुकाने सांगितलं जायचं. गोष्ट सुरू झाली की आई हटकून चहा टाकायला उठायची.

लहानपणी त्रिवेणीने आजीला विचारलं होतं, पाण्यात देवांचा श्वास कोंडत नाही का? आजी म्हणाली, आपण त्यांना रोज न्हाऊ घालतो, गंध लावतो, जेवू घालतो, ते काय त्यांना भूक लागते म्हणून? घरचेच आहेत ते. मग घरच्या माणसाचा जीव कोंडला की त्यांचाही कोंडायला नको? त्याशिवाय त्यांना कळणार कसं?

त्रिवेणीला आता आईचं एकेक वागणं टोचत होतं. आईने माळ्यावरची मोठी बॅग उतरवली, का तर म्हणे साड्यांना ऊन दाखवायचं. मोबाइलवरून गॅस कसा मागवायचा ते तिने शिकून घेतलं. दाराला आतून नवी कडी बसवून घेतली. एकटी पडणार मी, हेच ती न बोलता सांगते आहे, दुसरं काय? त्यात देव पाण्यात ठेवल्यापासून एक वेळच जेवून तिचा चेहरा पार उतरला होता. त्या कडीचा आवाज झाला की त्रिवेणीला कोंडून घातल्यासारखं वाटे.

क्लासला निघताना एकदा घाईत तिच्या तोंडून 'जाते' निघालं. आईने तिला उंबऱ्यावरून परत बोलावलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि 'येते' म्हणायला लावलं. हे लहानपणापासून चालत आलेलं. 'जाते' म्हणून या घरातून कुणी बाहेर पडलेलं नव्हतं. पण त्या दिवशी त्रिवेणीला बसस्टॉपवर उभ्या उभ्या रडू आलं.

"आज फोन करायचाय न तुला?" आईने पाटावरूनच विचारलं.

झालं. त्रिवेणीचा धीर सुटला. ती घंगाळाशी बसली, पाण्यात हात घातला आणि बाळकृष्ण बाहेर काढला. तो गारठून गेला होता. तिने त्याला ओढणीने पुसलं.

"नाही जात मी," ती म्हणाली. "नाही म्हणून कळवते त्यांना. आता काढ सगळ्यांना बाहेर, आणि पोटभर जेव."

आईने तिच्या हातातून बाळकृष्ण घेतला. आता ती त्याला देव्हाऱ्यात बसवेल असं त्रिवेणीला वाटलं. आईने त्याला अलगद पुन्हा पाण्यात सोडलं.

"मग राहू दे अजून," ती म्हणाली.

"आता कशाला?" त्रिवेणीने विचारलं.

"माझ्या वेळी देव बाहेर आले, पण मी आतच राहिले," आई म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नव्हता. "तू हौ म्हटल्याबगैर मी ह्यांना काढत नसते. माझी फिकीर नक्को करू. कडी बसवली, गॅस येतो मागवायला. बॅग तेवढी तू भर."

त्रिवेणीला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. तिने फोन लावला. पलीकडच्या माणसाशी बोलताना तिला धड वाक्यं जुळवता येईनात, पण जे सांगायचं ते सांगून झालं. फोन ठेवून ती आईजवळ येऊन बसली.

"येते म्हणून सांगितलं त्यांना," ती म्हणाली.

आईने घंगाळात हात घातला, पण देव काढले नाहीत. पाण्यात हात तसाच ठेवून तिने लेकीकडे पाहिलं.

"त्यांना येते म्हणालीस, बरं केलंस. मला जाते म्हण."