कडेपर्यंत झिजलेला टायर

"वा, सर! मानलं तुम्हाला!" टायरवाल्याने मोटरसायकलचं मागचं चाक हाताने फिरवलं आणि वाकून पुन्हा एकदा निरखून बघितलं. "वळणावर गाडी पार आडवी केल्याशिवाय टायर असा कडेपर्यंत झिजत नाही, जिगर लागते. रेसच्या ट्रॅकवर धमाल करताय की तुम्ही!"

मास्तरांनी चटकन बाजूला पाहिलं. शेजारी बायको उभी होती, आणि तिच्याच गळ्याची शपथ घेऊन मास्तरांनी ट्रॅक सोडला होता.

मागच्या वर्षी ट्रॅकवर वळताना गाडी घसरली, मास्तर गवतात जाऊन पडले आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यातच तिने शपथ घातली. दुरुस्तीत गाडीला नवे टायर बसले, आणि तेव्हापासून हा माणूस घर ते शाळा, शाळा ते घर, अगदी नाकासमोर गाडी चालवत होता. जीव तुटायचा बिचाऱ्याचा. मित्रांच्या ट्रॅकच्या गप्पा सुरू झाल्या की काहीतरी निमित्त काढून उठायचे. टायरकडे वाकून बघणंसुद्धा त्यांनी सोडलं होतं. आज मधला भाग गुळगुळीत झाला म्हणून आले, तर हे नवीनच!

"काहीतरी चुकतंय दादा तुमचं," मास्तर म्हणाले. "मी ट्रॅकवर जातच नाही. गाडी रोज शाळेत जाते. शनिवारी मी बसने जातो, गाडी ही घेऊन जाते, बहिणीकडे. संपलं."

टायरवाल्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. नवऱ्यांच्या लपवाछपव्या त्याने काय कमी पाहिल्या होत्या? "बरोबर आहे, सर. शाळेच्या वाटेवर वळणं असतील खूप."

"एकच आहे."

"मग त्याच्यावरच झिजला असेल," असं म्हणून त्याने डोळा मारला.

तो डोळा बायकोलाही दिसला. गंमत बघा, खरंच चोरून जाऊन आले असते, तर एखादी झकास थाप तयार ठेवली असती. खरं बोलणाऱ्याची तयारीच नसते हो!

टायरवाल्यालाही वाटलं, आपण उगाच बोलून बसलो. सारवासारव करायला त्याने भराभर तीन जोड्या काढून भिंतीला टेकवल्या. "हा मऊ, खास ट्रॅकचा. तापला की डिंकासारखा चिकटतो, पण गावातल्या रस्त्यावर तापतच नाही, आणि पाऊस आला तर देवाचं नाव घ्यायचं. हा कडक. रस्त्यावर कितीही पळवा, मरत नाही. आणि हा दोन्हीकडचा. मधे कडक, कडेला मऊ. आठवडाभर कामाला जा, सुट्टीला ट्रॅकवर."

मास्तरांचा हात आपसूक त्या तिसऱ्या टायरकडे गेला. कडेच्या मऊ रबरावर अंगठा टेकला न टेकला, तोच चटका बसल्यासारखा त्यांनी मागे घेतला. बायको बघत होती. हेल्मेटचा पट्टा लावत होती, काढत होती, परत लावत होती. चेहरा लालबुंद. आज घरी आपली काही खैर नाही, हे मास्तर समजून चुकले.

"तुझ्या गळ्याची शपथ," ते कळवळून म्हणाले, "एकदाही गेलो नाही गं. वाटल्यास शाळेत विचार."

"मी काही म्हटलं का?"

हे तर फारच वाईट. ती भांडली असती तरी परवडलं असतं. वर्षभर मन मारून जे सांभाळलं, ते एका टायरच्या कडेपायी मातीत चाललं होतं. मास्तरांनी एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

"दादा, तो कडकच द्या," ते म्हणाले. "त्याच्याहून कडक असला तर तो द्या. ट्रॅकचं नावसुद्धा नको." आता मनातूनसुद्धा संपलं.

टायरवाल्याने कडक जोडी उचलली.

"थांबा, तो नको," बायको म्हणाली. "मधे कडक, कडेला मऊ, तो द्या. ट्रॅकच्या शेवटच्या वळणावर मागचं चाक घसरतं माझं."

"माझं" हा एवढासा शब्द मास्तरांच्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला. शनिवार. बहीण. शनिवारी संध्याकाळी ती घरी यायची ती गुणगुणत, सपाटून भूक लागलेली. बहिणीकडे जाऊन आली की कशी खुलते, असं यांना वाटायचं!

"तू?"

"तुला त्यात एवढं काय दिसतं ते बघावं म्हणून गेले एकदा."

"मग?"

"मग दर शनिवारी."

"आणि मला शपथ घालून..." मास्तर उसळले. राग अगदी खरा होता. वर्षभर इकडे आपण कुढतोय आणि ही तिकडे मजा मारतेय! पण कोणत्या गिअरमध्ये वळतेस गं, हा प्रश्नही त्याच वेळी जिभेवर येऊन बसला होता, आणि त्याचा त्यांना आणखीनच राग आला.

बायकोने हेल्मेट काखेत मारलं.

"तू पडतोस म्हणून शपथ घातली होती. मी नाही पडत," ती म्हणाली. "सुटली शपथ. येत्या शनिवारी रजा टाक आणि चल माझ्याबरोबर. शिकवते तुला."