दोनदा चाळलेला भुसा

शाळा साडेचारला सुटायची, आणि ससा काही केल्या स्वस्थ बसेना.

सुताराने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घट्ट धरला होता. कोमट पाण्यात पिळलेला कापसाचा बोळा डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याला लागला, तसा सशाने मागच्या पायांनी असा झटका दिला की वाटी कलंडली.

"लाटसाहेब, जरा दमाने घ्या की!"

हे नाव मुलीने ठेवलेलं. तीन महिन्यांपूर्वी ती आईबरोबर या घरात राहायला आली, तेव्हा तिच्या हातात एक दप्तर आणि हा ससा होता. सुतार आता तिच्या आईचा नवरा होता. तिचा कोण, ते अजून ठरलं नव्हतं. ती त्याला कशानेच हाक मारत नसे. "जेवायला बोलावलंय," असं कारखान्याच्या दारात येऊन भिंतीला सांगायची आणि निघून जायची.

त्याने दुसरं पाणी आणलं. नवा बोळा घेतला. डोळ्याखालचे केस ओले होऊन चिकटले होते, ते हलक्या हाताने सुटे केले आणि कोरड्या फडक्याने टिपले. मग स्वतःचे लाल डोळे सवयीने खांद्याच्या बाहीला पुसले आणि घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी.

तीन महिन्यांत मुलीने त्याचं एकदाच कौतुक केलं होतं. सशाच्या पेटीत त्याने अंथरलेला लाकडाचा भुसा मुठीत घेऊन ती म्हणाली होती, "मऊ आहे." दोनच शब्द. पण तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते. करवतीखालचा भुसा रोज सकाळी तो बायकोच्या चाळणीने चाळायचा, एकदा नव्हे, दोनदा. जाडाभरडा फेकून द्यायचा आणि पिठासारखा बारीक तेवढा पेटीत घालायचा.

आज दुपारी हेच त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी सशाचे दात पाहिले, डोळ्यात थेंब टाकून बॅटरीने पाहिलं, जखम नाही म्हणाल्या, आणि मग चष्मा काढून त्याच्याकडेच पाहत राहिल्या.

"अहो, तुम्ही त्याला धूळ चाळून घालताय. बिचारा दिवसभर नाक-डोळे त्यात खुपसून बसणार. आजच्या आज काढा आणि कागद अंथरा. पाणी थांबेल चार दिवसांत. पिवळं, चिकट यायला लागलं किंवा खाणं सोडलं, तर मात्र लगेच घेऊन या."

पेटी त्याने आल्या आल्या धुऊन काढली होती. फाडलेल्या कागदांचा थरही झाला होता. राहिलं होतं ते फक्त तिला सांगणं.

न सांगताही चाललं असतं म्हणा. भुसा संपला म्हणावं? सुताराकडचा भुसा संपला, हे सशालाही पटलं नसतं. तो उठला, फाटकापर्यंत जाऊन आला. ससा पेटीत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. रंधा उचलला, ठेवून दिला. एवढ्या वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला तो घाबरला नव्हता, आणि आता नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगावं, ते त्याला ठरवता येत नव्हतं. दोन शब्द मिळाले होते, तेही जाणार.

फाटक वाजलं. मुलगी दप्तरासकट सरळ कारखान्यात आली आणि पेटीपाशी थबकली.

"भुसा कुठे गेला?"

"काढला." त्याने एका दमात सांगून टाकलं. "त्याच्या डोळ्यातून पाणी येतंय ना, ते माझ्यामुळे. मी बारीक करून घालत होतो, ते त्याच्या डोळ्यात जात होतं. डॉक्टरांकडे नेऊन आणलाय. बरा होईल म्हणाल्या. पण चूक माझी आहे."

तिने स्कर्टच्या खिशातून शाळेचा रुमाल काढला. त्याची एक बाजू वाळून कडक झाली होती.

"मला सोमवारपासून माहीत होतं," ती म्हणाली. या वेळी भिंतीला नाही. "तुम्ही उठायच्या आधी मी पुसून ठेवायचे."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"आजारी आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणाला असता, घरात नको."

इतके दिवस आपणच हिला घाबरतो, असं सुतार समजत होता. नेमकं तेव्हाच त्याच्या डोळ्यांना पाणी लागलं. त्याने घाईघाईने बाही वर केली.

"तसं नाही पुसायचं," ती ओरडली. "बाही बघा, सगळी भुशाने भरलीये!"

"माझं हे नेहमीचंच गं. पंचवीस वर्षं झाली."

तिने दप्तर खाली ठेवलं. वाटीतलं पाणी बोटाने पाहिलं, नवा बोळा बुडवून पिळला, आणि स्टुलाकडे मान हलवली. तो बसला. सशाचा टॉवेल तिने दाराबाहेर झटकून आणला आणि त्याच्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळला.

"वर बघा," ती म्हणाली. "आणि लाटसाहेबासारखे पाय झाडायचे नाहीत."