निळ्या शर्टाचा मास्तर

भाविकानं अर्ज टेबलावर ठेवला आणि पेन पुढे केलं.

"सर, फक्त सही करा. कॉलेज सोडतेय मी."

रविवारची सकाळ होती. हितेंद्र सर अमळनेरच्या आपल्या घरी चहा पीत बसले होते. चहा बशीतच राहिला. ही पोरगी खेड्यातून दोन एसट्या बदलून येते, वर्गात पहिल्या बाकावर बसते. हिनं कॉलेज सोडायचं?

"अगं, झालं काय?"

"व्यवहारगणितात नापास झाले. तो ऑनलाइन अभ्यासक्रम तीनदा बघितला, सर. तीनदा! डोक्यात काही शिरत नाही. तुम्ही त्याला दहापैकी नऊ गुण दिलेत, म्हणजे तो चांगलाच असणार. माझंच डोकं मठ्ठ. आबा म्हणतात, जमत नसेल तर स्थळं बघायला लागतो."

हितेंद्रनं नजर चुकवली. कारण ते नऊ गुण कसे दिले, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

चार महिन्यांपूर्वी प्राचार्यांनी त्याच्यावर काम टाकलं होतं. फुकट ऑनलाइन शिकवणाऱ्या चार संस्था. चौघांचे व्यवहारगणिताचे अभ्यासक्रम पुरे करायचे, तुलना करायची, त्यातून एक निवडायचा. पहिल्या वर्षाची दोनशे चाळीस मुलं तोच करणार. आता एकेक अभ्यासक्रम वीस तासांचा. ऐंशी तास कोण डोळे फोडून घेणार? हितेंद्रनं शक्कल लढवली. मोबाइल आईसमोर, झुंबरबाईंसमोर, ठेवला.

"माय, व्हिडिओ संपला की हे बटन दाब. प्रश्न आला की कुठलंही उत्तर दाब. शेवटी पास होतंच."

झुंबरबाईंची शाळा तिसरीच्या सहामाही परीक्षेआधीच सुटलेली. ऐन परीक्षेच्या आठवड्यात बापानं कपाशी वेचायला नेलं होतं. त्यांनी मान डोलावली. दीड महिन्यात चार प्रमाणपत्रं आली, चारही हितेंद्रच्या नावाची. यानं फक्त वेबसाइटचा थाट पाहिला. पहिलीचं नाव मोठं, रंग झकास, दिले नऊ गुण. अकरा पानी अहवाल झाला. प्राचार्यांनी पाठ थोपटली आणि या गड्यानं ती थोपटूनही घेतली!

"तुम्ही स्वतः सगळा बघितलाय ना, सर? मग सांगा ना, मी कुठे चुकतेय?"

"बघितलाय," हितेंद्र म्हणाला. म्हणाला आणि त्याची त्यालाच शरम वाटली. खरं सांगावं तर इज्जत जाते, सही करावी तर पोरगी जाते. तरी हात पेनाकडे गेलाच.

उंबऱ्याजवळ झुंबरबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि आपल्या अहिराणीत विचारलं,

"कोन्ता व पोरी? निळा शर्टवाला मास्तर?"

"हो आजी, तोच."

"तो वाचस, शिकाडत नही. माले बी त्यानं काहीच समजनं नही. दुसरा बठ्ठं घाईमा सांगस, जशी एसटी सुटी ऱ्हायनी. चौथाना आवाजच येत नही. तिसरी बाई शे ना, हिरवी साडीवाली, ती खरी! भाजीना भाववरथून टक्का शिकाडस. तिले देख."

"म्हणजे मी मठ्ठ नाही?"

"तू कसानी मठ्ठ? मठ्ठ तो मास्तर!"

भाविकानं सरांकडे पाहिलं. ती हुशार होती, तिला समजायचं ते समजलं. हितेंद्रनं पेन खाली ठेवलं.

"मी एकही बघितला नव्हता, भाविका. सगळे आईनं बघितले. तू नापास झालीस ती माझ्यामुळे. उद्या प्राचार्यांना सांगतो, जे व्हायचं ते होऊ दे."

तिनं अर्ज उचलला, चार घड्या घालून पिशवीत टाकला आणि सरळ झुंबरबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

"आजी, ती हिरव्या साडीवाली बाई दाखवा ना मला."

हितेंद्र बघत राहिला. अकरा पानांत त्याला जे सांगता आलं नाही, ते आईनं शेंगा सोलता सोलता सांगितलं होतं. त्याला एकच कोडं पडलं.

"माय, पण उत्तरं तर तू कुठलीही दाबलीस ना?"

"कुठलंबी कसं दाबू?" झुंबरबाई चकित झाल्या. "परीक्षा व्हती ना ती." मग शेंगा बाजूला सारून, हात पदराला पुसत त्यांनी हळूच विचारलं,

"मन्हा निकाल काय लागना रे, भाऊ? तू काही सांगंच नही."