मॅडमच्या भिंतीवरची बाई

“बांगडी निकालो,” मॅडम म्हणाली. “हाथ अंदर नहीं जाएगा.”

बिलकीसने नवऱ्याकडे पाहिलं. खैरुद्दीनने मान डोलावली. मग तिने मनगटांना साबण लावून काचेच्या बांगड्या उतरवल्या आणि फळांच्या वाडग्यात ठेवल्या. झगा लिंबाच्या रंगाचा, रेशमी, गळ्याशी ताठ जाळीची कॉलर. मॅडमने तो पडद्याच्या कापडातून स्वतः शिवला होता, भिंतीवरच्या बाईसारखा.

भिंतीवरची बाई म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या कुठल्याशा दरबारची सरदारीण. चित्र मॅडमच्या माहेरचं. इंजिनियर नवऱ्याबरोबर ती दुबईला आली, ती हे धूड सांभाळत. चित्रात सरदारीण एकटीच उभी होती, एक हात खुर्चीच्या पाठीवर, ओठ घट्ट मिटलेले. खैरुद्दीन त्या घरचा खानसामा. दुपारच्या नमाजाला उभं राहण्याआधी तो चित्रावर चादर टाकायचा आणि नंतर ती काढताना “माफ करा बाईसाहेब” म्हणायचा. मॅडमला याची मोठी गंमत वाटे.

फोटोचं खूळ मॅडमच्याच बोलण्यातून निघालं. त्या काळी म्हणे मोठ्या घरच्या मुलीचं असं चित्र आधी सासरी जायचं. सासरच्यांनी ते बघायचं, खूश व्हायचं, मग पुढची बोलणी. खैरुद्दीनच्या डोक्यात तेच बसलं.

त्याच्या घरची बोलणी केव्हाची बंद होती. तो बिलकीसला दुबईला घेऊन निघाला, तेव्हा त्याची आई मैमुनाबी रत्नागिरीच्या बंदरावर चारचौघांत भांडली होती. “माझा मुलगा तोडलास,” असं सुनेला म्हणून ती तोंड फिरवून गेली. त्यानंतर निरोपावर निरोप धाडले, पण उत्तर नाही. खैरुद्दीनने अल मनखूल वस्तीतल्या आपल्या घराला आईसाठी वेगळी खोली काढली होती. ती धूळ खात होती आणि तो मनातून कुढत होता. आईच्या तोंडची एक शिवी ऐकायला मिळाली असती तरी त्याला चाललं असतं.

“फोटो बघून अम्मा विरघळेल,” तो म्हणाला.

“आणि भडकली तर? डोकं उघडं, फिरंगी झगा. म्हणेल, सून बिघडली.”

“अगं, तिला थाटमाट आवडतो. तू बघच.”

मॅडमने बिलकीसला खुर्चीशी उभं केलं आणि तिचा हात पाठीवर ठेवला. गावाकडच्या फोटोत नवरा बसलेला असतो आणि बायको मागे उभी. खैरुद्दीन आपसूक पुढे झाला.

“मी बसू, मॅडम?”

“नो, नो. पिक्चर में आदमी किधर है?”

बिलकीसला हसू फुटलं.

“नो स्माइल!” मॅडम कॅमेऱ्यामागून ओरडली. “सॅड. लिटल सॅड. यल्ला, जल्दी!”

फोटो चांगला वीतभर मोठा निघाला. काळ्या-पांढऱ्या फोटोत लिंबाचा रंग उडून झगा पांढराच दिसत होता, पण रेशमाची चमक अशी की बघत राहावं. खैरुद्दीनने तो दहादा पाहिला. आपली बायको इतकी देखणी आहे हे त्याला नव्याने कळलं.

मायलेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गावचा तय्यब मुंबईला निघाला होता, तिथून तो घरी जाणार होता. चुकामूक नको म्हणून कारकुनाकडून पाकिटावर पत्ता घालून घेतला आणि निरोप तोंडी दिला. आम्ही मजेत आहोत, खोली तयार आहे, राग सोड आणि ये.

त्यानंतर बिलकीसचं जेवणात लक्ष लागेना. सासूने फोटो चुलीत घातला असेल, असंच तिला वाटत राही.

तय्यब तीन महिन्यांनी परतला तेव्हा हाडं वर आलेली. “मुंबईत तापाने आडवा पडलो रे. गावी जायला जमलंच नाही. पाकीट तेव्हाच पोस्टात टाकलं, पोचलं असेल इन्शाल्ला.”

“निरोप?”

“निरोप कसा पोस्टात टाकू? पण निघताना तिकिटाच्या रांगेत तुझे हमदुल्लामामू लांबून दिसले. पुढच्या बोटीने येतायत वाटतं.”

खैरुद्दीनने त्याला मिठीच मारली. मामू म्हणजे आईचा सख्खा भाऊ. तो एकटा कशाला येईल? “निरोपाची गरजच नव्हती,” तो घरी येऊन म्हणाला. “फोटो बोलला! खलास!”

दोघांनी खोली झाडून काढली, नवी चटई आणली. अम्मा येणार म्हणून बिलकीसने हातभर हिरव्या बांगड्या भरल्या.

बोट लांब समुद्रात थांबायची आणि उतारू होड्यांनी खाडीत यायचे. अम्माला चालवणार नाही म्हणून खैरुद्दीन जीप बघायला गेला. बिलकीस काठावर उभी राहिली. तिसऱ्या होडीतून मामू उतरले. एकटेच, बगलेत बोचकं. तिला बघताच त्यांचे डोळे भरले. आशीर्वादाला हात वर गेला, आणि मनगटांवर नजर पडताच तो थांबला.

“लाज नाही वाटली?” ते म्हणाले. “एवढ्यात बांगड्या भरल्यास?”

“मामू, फोटोचा राग असेल तर माफ करा. मी नको म्हणत होते, पण—”

“त्या फोटोनेच घर बुडालं आमचं. तुला न्यायला आलोय मी. चल, सामान बांध.”

“मामू!” खैरुद्दीन वाळूतून धावत आला. “अम्मा कुठंय? मागच्या होडीत?”

मामूंचं बोचकं खाली पडलं. त्यांनी खैरुद्दीनचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, कपाळ, गाल, दाढी चाचपून पाहिली. मग ते वाळूतच बसले.

“खैरू,” ते म्हणाले, “तुझा आणि तुझ्या अम्माचा चाळिसावा आम्ही एकाच दिवशी केला रे.”