सासरचं रक्त

"माह्यं जाऊ द्या, डाक्टरसाहेब. हिच्या पोटातल्याले हे होईन का, तेवढं सांगा."

पार्वताबाईंनी बोट दाखवलं ते भिंतीशी उभ्या असलेल्या सुनेकडे. जमुनाला सातवा महिना होता. वलगावहून अमरावतीपर्यंत बैलगाडीचे धक्के खाऊन तिचा चेहरा उतरला होता, पण बस म्हटलं तरी ती बसत नव्हती. सासूसमोर खुर्चीवर सून बसत नाही, हे पुण्याहून नव्यानं आलेल्या डॉक्टरांना कोण सांगणार?

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. पार्वताबाईंचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. डाव्या गालाच्या आत जे होतं ते त्यांनी पाहिलं होतं, आणि पाहिल्यापासून ते फार मऊ बोलू लागले होते. डॉक्टर मऊ बोलू लागला की माणसानं काय ते समजावं. पार्वताबाई समजल्या होत्या.

"नागपूरला जावं लागेल, बाई. उशीर करू नका. याच आठवड्यात जा."

"जाईन. कापूस घरी आला का जाईन. म्या जे इचारलं ते सांगा ना."

"पण नातवाला कशाला होईल?"

"आमच्या घराण्यातच हाये हे. सासू याच्यानंच गेली. शेवटी शेवटी तिले पाणीबी घोटवे ना. तिची सासूबी अशीच गेली म्हणतेत. घराच्या रक्तातच हाये." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली. घराण्याचं म्हटलं की दुखण्यालाही मान मिळतो.

"रक्तातून येतात काही गोष्टी," डॉक्टर म्हणाले. "पण आल्या म्हणजे डोकं वर काढतीलच असं नाही. कित्येक जन्मभर पडून राहतात. आपलं खाणंपिणं, आपल्या सवयी त्यांना उठवतात. बरं, घरातल्या पुरुषांपैकी कोणाला झालं होतं?"

"नाई बाप्पा. सासरे ऐंशी वर्साचे होऊन गेले. मरेपर्यंत चणे फोडत."

"सासूबाईंचं माहेर कुठलं?"

"बार्शीटाकळी."

"आणि त्यांच्या सासूचं?"

"दर्यापूरकडचं कुठचंसं."

"तुमचं?"

"हिवरखेड. हे काहून इचारून राहिले तुमी?"

"घराण्याचं रक्त पुरुषांमध्ये, आणि त्यांना काहीच नाही. तुम्ही तिघी तीन गावांच्या. मग एकीचं रक्त दुसरीत आलं कुठून?"

इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट त्या घरात कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. येणार तरी कशी? सून उंबरठ्याच्या आत आली की ती सासरची, नावासकट, देवासकट. रक्त तेवढं माहेरचं राहिलं, हे कोणी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

"नीट आठवा," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या घरात सासू सुनेला काय देते?"

आठवायची गरजच नव्हती. कपाशीच्या पहिल्या वेचणीला शेतात सीतादही होई. दहीभाताचा निवद दाखवून झाला की सासू आपल्या हातानं तंबाखू मळायची, चुना जरा जास्तच लावायची आणि नव्या सुनेच्या गालात ठेवायची. थुंकेल ती या घरची नव्हे. तंबाखू गालात धरून वेचत गेलं की दुपारच्या भाकरीपर्यंत भूक लागत नाही, कंबरही कुरकुरत नाही. पहिल्या दिवशी पार्वताबाईंना भोवळ आली होती. सासूनं मागं बसून पाठीवरून हात फिरवला होता. त्या घरात कोणी पाठीवरून हात फिरवण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून ती चव त्यांना मायेची वाटत आली होती, आणि रात्री निजतानाही गाल कधी रिकामा राहिला नव्हता.

हे सगळं त्यांनी डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगितलं.

"आणि सुनेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच देल्ली," पार्वताबाई म्हणाल्या. "गेल्या सीतादहीले. याच हातानं."

आता मात्र त्यांना भीती वाटली. स्वतःच्या मरणाची वाटली नव्हती एवढी वाटली. त्या उठल्या आणि जमुनासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आ कर."

जमुनानं तोंड उघडलं. उजव्या गालात ओली तपकिरी गोळी होती.

"थुक."

ती थुंकेना. सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. पार्वताबाईंनी आपली ओंजळ तिच्या हनुवटीखाली धरली, तेव्हा तिनं ती गोळी त्या ओंजळीत टाकली. पार्वताबाईंनी पदरानं तिचे ओठ पुसले, दोनदा पुसले.

"आजपासून बंद. तुले माह्या गळ्याची आण हाये, जमुना."

जमुनानं मान खाली घातली. मग अपराध्यासारखं, डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं ती बोलली.

"सोडली होती, आत्याबाई. मळमळ होऊन राहिली होती म्हून. दोन रोज हात नाई लावला."

"मंग?"

जमुनानं दोन्ही हात पोटावर ठेवले.

"हे नाई सोडू देत. लय लाथा मारते, दम खात नाई. गालात चिमूटभर धरली का चूप निजते."