अर्जांची चाळण

शुक्रवारी सकाळपासूनचा सातवा अर्ज स्पॅममध्ये पडला. अमरेशने दाराकडे नजर टाकली. मालक अजून आले नव्हते.

टॉवेलच्या या कारखान्याचा मेल सर्व्हर नऊ वर्षं तोच सांभाळत होता. आणि सोमवारी पेपरात जाहिरात झळकली: मेल सर्व्हर सांभाळायला अनुभवी माणूस पाहिजे. पत्ता याच कारखान्याचा. ईरप्पा मालकांनी त्याच्याजवळ चकार शब्द काढला नव्हता. उलट मंगळवारी जाता जाता विचारलं, "शुक्रवार पेठेतलं घर भाड्याचंच हाय न्हवं? सोडायचं म्हटलं तर किती दिवस लागतील?"

त्या दिवशी त्याने डबा तसाच घरी परत नेला. बायकोला सांगायची छाती होईना.

मालकांची एक सवय मात्र त्याच्या पथ्यावर पडली. वर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' लिहिल्याशिवाय ते कुठलाही कागद वाचत नसत. जाहिरातीतही तशी अट होती. अमरेशने फिल्टरला एकच नियम घातला: बाहेरून आलेल्या ज्या मेलच्या माथ्यावर ही ओळ, तो थेट स्पॅममध्ये. ओळ विसरणाऱ्याला मालक दारातही उभं करणार नव्हते. देवाचं नाव कचऱ्यात ढकलताना त्याने मनोमन माफी मागितली, पण पोटापुढे कुणाचं काय चालतं?

सुताच्या जुन्या व्यापाऱ्यांना त्याने नियमातून वगळलं होतं. पण एखादा नवा व्यापारी अडकला तर? कुणी अर्जदाराने फोन करून विचारलं तर? जिना वाजला की तो स्पॅमचा फोल्डर झटकन बंद करायचा.

अकरा वाजता मालक आले आणि सरळ त्याच्या टेबलाशी थांबले.

"अमरेश, मेल नीट चालू हाय की?"

"व्हय मालक."

"पेपरात जाहिरात दिल्ती. एक अर्ज आला न्हाय. कुटं अडकत तर न्हाईत?"

"न्हाय मालक. मी रोज बघतो."

त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. मालकांनी मान हलवली.

"मग ऱ्हाऊ दे. तूच सांभाळ हितलं."

अमरेशच्या जिवात जीव आला. चार दिवसांत पहिल्यांदा तो खुर्चीला टेकून बसला.

"ठरल्याबिगर बोलायचं न्हाय, म्हणून तुला सांगितलं नव्हतं," मालक चष्मा पुसत म्हणाले. "मोहोळला नवा कारखाना काढलाय. त्याचा मॅनेजर तुला करायचा होता, ऱ्हायला घरासकट. पर तुझ्या जागी माणूसच मिळंना. मग आज सकाळी भाच्यालाच मॅनेजर हो म्हणून कळवून टाकलं."