डावीकडची शिवण

"हात वर कर," धाकटी म्हणाली. ताईने हात वर केला, आणि तिच्या डाव्या काखेखाली धाकटीला ते पुन्हा दिसलं.

कातडी आत ओढली गेली होती. रजईला एखादा टाका घट्ट बसला की तिथे कापड जसं आत जातं, तसं. हात खाली आला की दिसेनासं व्हायचं. धाकटीच्या ओठांत चार टाचण्या होत्या. बोलायचं नसलं की टाचण्या बऱ्या पडतात, पण आज बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

दुकानामागची ही खोली एवढीशी. शिवणयंत्र, पडदा, उभा आरसा. ताईने अंगातून काढलेला जुना ड्रेस खुर्चीवर पडला होता आणि लेकीच्या लग्नात घालायचा नवा, कच्चे टाके घातलेला, धाकटीच्या हातात होता. लग्न नऊ दिवसांवर आलेलं. पाहुण्यांची यादी, हॉलवाल्याची टाळाटाळ, होणाऱ्या विहीणबाईंचे रुसवे, ताई सांगत सुटली होती. अशी उघड्या खांद्यांनी ती जगात एकाच माणसासमोर उभी राहायची, या शिवणवाल्या बहिणीसमोर. डॉक्टरपुढे तर ती खोकलासुद्धा बेताने काढायची.

सकाळी नर्सबाई आपले युनिफॉर्म न्यायला आल्या होत्या. वॉर्डातल्या एका बाईचं सांगता सांगता म्हणाल्या, छातीतली गाठ हाताला लागतेच असं नाही. कधी एक बाजू आकसते, वर ओढली जाते, कातडीला खळगा पडतो, बोंड आत जातं. पुष्कळदा दुखत काहीच नाही, म्हणून बायका थांबतात. दर वेळी कॅन्सरच असतो असंही नाही, पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? धाकटी युनिफॉर्मची घडी घालत होती. ती घडी तिला तीनदा मोडावी लागली.

कारण हे सगळं तिने पाहिलं होतं. सहा महिन्यांपूर्वी ताईचा ड्रेस छातीवर डावीकडे सैल पडायला लागला, तेव्हा तिला वाटलं, आपलीच कात्री चुकली. ज्या मास्तरांच्या हाताखाली ती शिकली त्यांनी बजावलं होतं, गिऱ्हाइकाच्या अंगात खोट काढायची नाही, खोट आपल्या शिवणीत शोधायची. तिने इमानेइतबारे शोधली. छातीच्या आकारासाठी घातलेली चुणी, टक्स, उसवून वर घेतला, अस्तराच्या आत कापसाचा पातळ थर भरला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. गेल्या खेपेला खळगाही दिसला होता, पण आतल्या कपड्याचा वळ असेल म्हणून तिने नजर काढून घेतली. आरशात दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसायच्या, आणि ताई चारचौघींत बहिणीच्या हाताचं कौतुक करत हिंडायची.

धाकटीने टाचण्या काढून ठेवल्या.

"ताई, इथे खळगा पडलाय. आज दवाखान्यात जाऊ. पाचपर्यंत असतात डॉक्टर."

ताईने चाचपून बघितलं आणि हसण्यावारी नेलं. दुखत नाही, खुपत नाही, तर कसला दवाखाना? मग धाकटीने नर्सबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ताईचा चेहरा उतरला. पण ती लगेच सावरलीही.

"आजच दिसलं ना तुला?" ती म्हणाली. "मग दहा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? पोरीचं लग्न होऊ दे. आत्ता घरात हे काढलं तर लग्नघराची रया जाईल."

हो, आजच, असं म्हणणं किती सोपं होतं. ताईचा विश्वास शाबूत राहिला असता. आणि ताई दहा दिवस थांबली असती, मग पाहुणे परत जाईपर्यंत आणखी दहा. स्वतःचं काही असलं की ती ते शेवटी ढकलायची, हे धाकटीइतकं कुणाला माहीत होतं?  खरं सांगितलं तर ही पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, असं तिला अगदी मनापासून वाटलं. तरी तिने खुर्चीवरचा जुना ड्रेस उचलला, उलटा केला आणि अस्तर कात्रीने फाडलं.

आतून कापूस निघाला. एकावर एक टाचलेले तीन थर, मिळून बोटभर जाड. तिने ते ताईच्या हातात ठेवले.

"आज नाही दिसलं, ताई. यातला पहिला सहा महिन्यांपूर्वीचा आहे. तुझी डावी बाजू दर वेळी कमी होत होती, आणि मी भरत होते."

ताई ते थर बोटांनी वेगळे करत राहिली. तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं.

"पाचपर्यंत म्हणालीस ना?" ताई म्हणाली आणि जुना ड्रेस मागितला.

फाटलेल्या अस्तराला निदान दोन टाके घालावेत म्हणून धाकटी सुई शोधायला लागली. ताईने ड्रेस तिच्या हातातून काढून घेतला आणि तसाच अंगात चढवला. डावीकडे कापड आत बसलं. तिने आरशासमोर उभं राहून ते तळव्याने सारखं केलं. ते पुन्हा आत बसलं.

"सहा महिने," ती आरशातल्या बहिणीला म्हणाली, "सहा महिने मी इथे तुझी शिवण बघत होते."